बैठकीतला हैदर अली

‘अर्धसत्य’चा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं रामा शेट्टीचं. गोविंद निहलानींनी सदाशिव अमरापूरकरांना ‘हँड्स अप’ या मराठी नाटकात पाहिलं, शेट्टीसाठी निवडलं आणि हिंदी पडद्याला आवाज न चढवणारा खलनायक मिळाला. मग ओम पुरींचा पोलीस अधिकारी अनंत वेलणकर आठवतो, दिलीप चित्र्यांची कविता आठवते, नसीरुद्दीन शाहांचा लडखडणारा माइक लोबो आठवतो. वेलणकरच्या खात्यातल्या सहकाऱ्याबद्दल, शफी इनामदारांच्या हैदर अलीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला तोच या चित्रपटाच्या मध्यावर उभा दिसतो. शेट्टी वेलणकरचा अपमान करतो, बाप त्याचं बालपण कुरतडतो, आमदार त्याची नोकरी घ्यायला निघतो. पण हे सगळं गिळून उद्या पुन्हा ड्युटीवर कसं यायचं, हे त्याला हैदर शिकवतो. आणि तो हे साहेबाच्या खुर्चीवरून शिकवत नाही, शेजारी बसून शिकवतो.

१९८३ सालचा हा चित्रपट हिंदी असला तरी त्याची हाडं मराठी आहेत. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, वसंत देवांचे संवाद, चित्र्यांची कविता आणि समोर स्मिता पाटील, अमरापूरकर. मुंबईतल्या पोलीस ठाण्यात घडणारी ही गोष्ट मला सातारा-सांगलीत बसून वाचावीशी वाटते, याला कारण आहे. मुंबईच्या गिरण्या या भागातल्या माणसांनी भरल्या, तशा तिथल्या पोलीस लायनीही भरल्या. आजही पहाटे कऱ्हाड, विटा, इस्लामपूरच्या बाहेरच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी मुलंमुली दिसतात. तासगाव तालुक्यात तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. शिराळ्याच्या कोकरूडमधले विश्वास नांगरे पाटील आयपीएस झाले, तेव्हापासून तर अभ्यासिकांच्या भिंतींवर वर्दीतले फोटो लागले. आणि चाकरी संपवून गावाकडे परतलेले फौजदार, हवालदार प्रत्येक मोठ्या गावात चार-दोन असतातच.

ही माणसं बसतात. ‘आज बसायचं का?’ एवढं विचारलं की पुढचं सांगावं लागत नाही. हायवेच्या ढाब्यावर अख्खा मसूर यायला वेळ असतो, चकण्याची बशी मध्ये असते आणि बोलणं सुरू होतं. ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे आणि घोट घ्यायला परवाना लागतो, तिथे तो कायदा आयुष्यभर राबवलेली माणसं ग्लास हातात घेऊन बोलत असतात. पण त्यांच्या बोलण्याकडे मी दारूमुळे कान देत नाही. त्या बोलण्याला स्वतःची घडण आहे, म्हणून देतो.

पोलीस गुन्ह्याची गोष्ट माणसाच्या नावाने सांगत नाही. तो कलम आणि जागा सांगतो. ‘तीनशे दोन होतं, नदीकडच्या शिवारात.’ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम एकशे तीन झालं; पण ज्यांची नोकरी जुन्या संहितेत गेली, त्यांच्या तोंडून तीनशे दोन काही जात नाही. आधी एखाद्या उघडकीला आणलेल्या गुन्ह्याची रंगतदार कहाणी होते. कुठल्या किरकोळ धाग्यावरून आरोपी सापडला, खबऱ्याने काय सांगितलं, पंच कसा फुटला. मग एखादा साहेब निघतो, चांगला किंवा खडूस. मग बदल्या: कुणाला हद्द चांगली मिळाली, कुणाला कंट्रोलला जमा केलं. तिसऱ्या ग्लासाच्या सुमाराला बोलणं घरी येतं. मुलीचं लग्न, मुलाची राहून गेलेली परीक्षा, बंदोबस्तात गेलेली गणपतीची वर्षं, गुडघे, शुगर.

आणि या सगळ्यात एक वाक्यरचना मधूनच चमकून जाते. ‘हात जरा जास्त लागला.’ ‘पोरगं गेलं.’ ‘प्रकरण अंगावर आलं.’ हात कुणाचा, पोरगं कशाने गेलं, प्रकरण कुणी केलं, याला वाक्यात कर्ताच नसतो. उघडकीला आणलेल्या गुन्ह्याच्या गोष्टीत पोलीस ‘मी’ म्हणतो, मोठ्याने म्हणतो. अंगावर आलेल्या प्रकरणात तो ‘मी’ कुठेतरी निघून जातो. समोरचे मान हलवतात, कुणी विचारत नाही, आणि बोलणं पुन्हा बदल्यांवर येतं. बैठकीतली मैत्री या न विचारण्यावर टिकून असते.

हैदर अलीच्या बोलण्याचं मर्म मला इथे सापडलं.

चित्रपटातला पहिला मोठा धडा आमदाराच्या प्रकरणाचा. वस्तीतल्या एका साध्या माणसाच्या बायकोची गुंड छेड काढतात, तो धीर करून ठाण्यात येतो, वेलणकर त्या गुंडांना पकडून बेदम मारतो. आपण प्रेक्षक खूश होतो. ही खुशी तेंडुलकर पुढे आपल्याकडून वसूल करणार आहेत, पण ते नंतर. गुंड आमदाराचे निघतात. निवडणुकीत, सभांत उपयोगी पडणारी माणसं. आमदाराला वेलणकरचं निलंबन हवं असतं. इथे हैदर मदतीला येतो. तो आधी वेलणकरला प्रकरणाची उकल करून सांगतो: कोण कुणाचा माणूस, आमदाराला हे का करावं लागतं. मग दिल्लीपर्यंत हात पोचणारा देसाई नावाचा मध्यस्थ गाठून देतो आणि चौकशी विरून जाते.

हे प्रसंग पुन्हा पाहताना हैदरच्या स्वरावर लक्ष ठेवावं. त्यात बेरकीपणा नाही, लाचखोराचा लाळघोटेपणा नाही. धाकट्या भावाला घरचे व्यवहार समजावणाऱ्या थोरल्याचा तो स्वर आहे. आमदाराबद्दल बोलतानासुद्धा त्यात राग नाही; पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं तो सत्तेबद्दल बोलतो. तिच्यावर रागावून काय होणार, छत्री घ्यायची. शफी इनामदारांनी या माणसाला एवढ्या सहज मायेने उभं केलंय की तो काय शिकवतोय हे चटकन लक्षात येत नाही. कायद्याने वागलेल्या अधिकाऱ्याला वाचवायला कायद्याबाहेरची वाट लागते, एवढंच तो शिकवतो. वेलणकर वाचतो आणि त्याच क्षणी बांधला जातो. आता त्याच्याही नावावर एक उपकार जमा आहे.

तेंडुलकरांना ही माणसं कुठून कळली असतील? १९७३ ते ७५ या काळात नेहरू फेलोशिप घेऊन त्यांनी समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास केला. पण त्याही आधी, १९७२ मध्ये, त्यांनी एक पोलीस अधिकारी रंगमंचावर आणला होता. ‘घाशीराम कोतवाल’मधला घाशीराम हा पुण्याचा पोलीसप्रमुखच. ज्याचा मेणवलीचा वाडा-घाट आपण वाईला गेलो की कृष्णेकाठी पाहून येतो, त्या नाना फडणवीसाने त्याला कोतवाली द्यायची, त्याच्या दहशतीची फळं खायची आणि लोक खवळले की त्याला लोकांच्या हवाली करायचं. घाशीरामला कुणी हैदर भेटला नाही. भेटला असता तर त्याने घाशीरामला एके संध्याकाळी बसवून सांगितलं असतं की नानाला तू लागतोस तोवरच लागतोस. घाशीराम कदाचित वाचला असता. पुण्याचं काय झालं असतं, हा निराळा प्रश्न. आणि ‘अर्धसत्य’ नेमका तोच प्रश्न विचारतो.

चित्रपट ज्या हवेत आला तीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी उठाव केला, त्यांच्या संघटनेवर बंदी आली, शहरात लष्कर आणावं लागलं. तेव्हा मुख्यमंत्री होते सातारा जिल्ह्यातले बाबासाहेब भोसले. पुढच्या वर्षी ‘अर्धसत्य’ पडद्यावर आला, तेव्हा मुख्यमंत्री होते सांगलीचे वसंतदादा पाटील. जुलै १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून निघालेले, पाठलागातल्या पोलिसांची गोळी लागलेले हेच दादा. त्या झटापटीत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांचे प्राण गेले. आमच्या भागाची पोलिसांशी असलेली ओळख अशी दुहेरी आहे. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजच्या आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळ्या झाडणारे पोलीस इथल्या घरांत सांगितले जातात, आणि त्याच घरांतली पोरं पुढे खाकी घालतात. नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, सरकारी कचेरीशिवाय न्याय होऊ शकतो हे दाखवलं. त्यामुळे फौजदाराबद्दल आदर आणि त्याच्या कायद्याबद्दल शंका, दोन्ही एका ताटात वाढलेली असतात. वेलणकर पहिल्यांदा गुंडांना तुडवतो तेव्हा आमच्याकडच्या प्रेक्षकाची मूठ आवळते, ती या जुन्या शंकेमुळे.

ग्लासापुढच्या बोलण्याला मराठी नाटकात वंशावळ आहे. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं, पलूस तालुक्यातलं नागठाणे बालगंधर्वांचं गाव. या मुलखाला नाटकाची ओळख वेगळी करून द्यायला नको. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ फेब्रुवारी १९१९ मध्ये गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणला आणि बालगंधर्वांची सिंधू घराघरांत गेली. ते नाटक आपण दारूच्या दुष्परिणामांचं म्हणून वाचत आलो. त्याचा नायक सुधाकर पहिला प्याला का उचलतो, हे मात्र विसरतो. तो वकील आहे, भर कोर्टात त्याचा पाणउतारा होतो, सनद जाते. कायद्याच्या माणसाला कायद्याच्या घरातच खाली मान घालावी लागते. आणि प्याला पुढे करणारा तळीराम वैरी नसतो, त्याच्याजवळचाच माणूस असतो. चौसष्ट वर्षांनी वेलणकर त्याच जागी बसलेला दिसतो. शेट्टीविरुद्ध जबाब हातात घेऊन तो अटक करायला जातो, शेट्टी एक फोन लावतो, आणि वरून हुकूम येतो की परत या. सुधाकराचा पाणउतारा करणारा मुन्सफ निदान समोर तरी होता. वेलणकरचा अपमान करणारा फोनच्या पलीकडे आहे. त्याच्यापुढे मान खाली घालायची तर तोंड कुठल्या दिशेला करायचं हेसुद्धा कळत नाही.

फरक आहे तो तळीराम आणि हैदरमध्ये. तळीराम दारूने दुःख विसरायला सांगतो. हैदर काहीच विसरायला सांगत नाही. तो सगळं स्पष्ट बघायला लावतो, नावानिशी, साखळीनिशी, आणि मग म्हणतो की हे असं आहे. माणसाला बधिर करण्यापेक्षा शहाणं करून बसवणं जास्त परिणामकारक ठरतं, ही तेंडुलकरांची खोल जाण.

याच तेंडुलकरांनी ‘सामना’त अगदी उलटी बैठक लिहिली होती. जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत गेलेला. साताऱ्यात जन्मलेले श्रीराम लागू त्यात दारूने खंगलेले मास्तर झाले आणि निळू फुले सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटील. गावाचं नाव काहीही असो. साखर कारखान्याची चिमणी, जीपची धूळ, वाड्यावरचा दरारा हे सगळं आम्ही रेठऱ्यापासून सांगलीपर्यंत ओळखतो. हिंदुराव मास्तरांना घरी ठेवून घेतात, चांगली बाटली उघडतात. दोघे पितात, गप्पा मारतात, आणि प्यायलेले मास्तर एका नाहीशा झालेल्या माणसाची चौकशी करायला लागतात. मारुती कांबळे कुठे गेला? साध्या कुतूहलाने विचारलेला हा प्रश्न चित्रपटभर घुमत राहतो, हिंदुरावांच्या घशात अडकतो. तिथे दारू जीभ सैल करते आणि बैठकीचा अलिखित नियम मोडते. जे विचारायचं नाही ते मास्तर विचारतात. त्यांना गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, ना बदलीची भीती ना बढतीची आशा. हिंदुरावही पाहुण्याला घालवत नाहीत, कारण त्यांनाही आतून कुणीतरी विचारावंसं वाटतंय. लागूंच्या थरथरत्या हातात आणि फुल्यांच्या रोखलेल्या नजरेत जे चाललंय, त्याच्यापुढे पोलीस चौकशी फिकी वाटावी.

‘सामना’नंतर लगेच ‘अर्धसत्य’ पाहिला की पोकळी जाणवते. इथे मास्तर नाहीत. इथल्या बैठकीत सगळेच नोकरीत आहेत.

नोकरीबाहेर गेलेला एकच आहे, माइक लोबो. निलंबित अधिकारी. दारू पिऊन रस्त्यावर आलेला, ओळखीच्या पोलिसांकडे पैसे मागणारा. नसीरुद्दीन शाहांना फार थोडी दृश्यं मिळाली आणि त्यांनी त्यांत एक अख्खं आयुष्य भरलं. भीक मागतानाही खाकीचा ताठा अधूनमधून डोकावतो आणि पुढच्याच क्षणी कोसळतो. पण लोबोची खरी ताकद त्याच्यापुढे वेलणकर कसा वागतो यात आहे. तो पैसे देतो, लवकर देतो, समोरून जा म्हणून देतो. लोबोशी कुणी बसून बोलत नाही. मास्तरांसारखा तोही विचारू शकला असता. त्यालाही गमावण्यासारखं उरलेलं नाही. मात्र त्याचं बोलणं ऐकायला हिंदुरावांएवढा धीटपणाही कुणाकडे नाही. एके दिवशी तो रस्त्याकडेला मेलेला सापडतो. पोलीस दप्तरात एक बेवारस नोंद, आणि वेलणकरच्या मनात आपलं भविष्य.

इथून चित्रपट उतरणीला लागतो. वेलणकरने जिवावर उदार होऊन पकडलेल्या डाकूचं श्रेय दुसऱ्या अधिकाऱ्याला मिळतं. तुंबलेला संताप कुठेतरी फुटणार असतो, आणि तो फुटतो रेडिओ चोरल्याचा आरोप असलेल्या एका भुरट्यावर. कोठडीत वेलणकर त्याला मारत राहतो आणि तो माणूस मरतो. सुरुवातीला गुंडांना मारताना आपण टाळ्या वाजवल्या होत्या. हात तोच आहे, त्वेषही तोच. तेव्हा समोर आमदाराचा गुंड होता, आता कुणाचाच नसलेला माणूस आहे. हीच ती वसुली.

या प्रसंगापाशी मला नोव्हेंबर २०१७ मधली सांगली आठवल्याशिवाय राहत नाही. किरकोळ लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण सांगली शहर पोलिसांच्या ताब्यात मारहाणीत मेला. आरोपी पळून गेला, असं सांगण्यात आलं. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. प्रकार उघडकीला आला, शहर रस्त्यावर उतरलं, उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली, त्यांना बडतर्फ करण्यात आलं. ज्या शहराच्या तुरुंगातून पळालेल्यांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, त्या शहरात ‘पळून गेला’ या शब्दांनी एक प्रेत झाकायचा प्रयत्न झाला. या बातमीने मी हादरलो होतो, कारण ‘अर्धसत्य’ला तेव्हा चौतीस वर्षं होऊन गेली होती. रेडिओच्या जागी मोबाइल आले, बाकी गोष्ट तशीच. आणि ‘सामना’तल्या मास्तरांचा प्रश्नही तसाच: तो माणूस कुठे गेला? सांगलीत तो प्रश्न घरच्यांनी लावून धरला म्हणून उत्तर मिळालं.

त्या रात्री त्या पोलिसांत काय बोलणं झालं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केलाय. कुणीतरी घाबरला असेल. कुणीतरी शांतपणे सांगितलं असेल की घाबरू नकोस, यातून मार्ग काढू. हे सांगणारा माणूस राक्षस असेल असं मला वाटत नाही. सहकाऱ्याला वाचवायचं, घरादाराचा विचार करायचा, खात्याची अब्रू राखायची. हैदरचे सगळे गुण त्याच्यात असतील. म्हणून हैदर मला महत्त्वाचा वाटतो. शेट्टीसारखी माणसं शहरागणिक थोडी असतात. हैदर प्रत्येक कचेरीत असतो, आणि आपल्याला आवडतो.

वेलणकरच्या हातातल्या त्वेषाचं मूळ तेंडुलकर घरात शोधतात. अमरीश पुरींनी साकारलेला बाप हाही निवृत्त पोलीसच. बायकोवर हात टाकणारा, मुलाला त्याच्या मर्जीविरुद्ध खात्यात ढकलणारा. आईला मार बसताना लहान अनंत उभा राहून बघायचा आणि काही करू शकत नसे. मोठेपणी वर्दीत तो पुन्हा पुन्हा त्याच जागी उभा राहतो: समोर अन्याय, हात बांधलेले. मला हा भाग काहीसा सोपा वाटतो. बालपणीच्या जखमेने मोठेपणचा खून समजावून टाकण्याची तेव्हाच्या समांतर चित्रपटाला सवय होती. पण अमरीश पुरींचा बाप शेवटी आधाराला आलेला, मुलापुढे बिचकणारा झाला की ती सोपी आखणी मोडते. ज्याच्या हाताची भीती होती तो हातच आता म्हातारा झालाय.

वेलणकरला ग्लासाशिवाय बोलायला लावणारी एकच व्यक्ती चित्रपटात आहे, स्मिता पाटीलची ज्योत्स्ना गोखले. साहित्य शिकवणारी प्राध्यापिका. तिने दिलेल्या पुस्तकातून तो चित्र्यांची कविता वाचतो. तराजूच्या एका पारड्यात पौरुष, दुसऱ्यात त्याचा अभाव आणि काट्यावर अर्धं सत्य, अशी त्या कवितेची उभारणी. एरवी कलमं आणि पंचनामे वाचणारा आवाज ओळी वाचता वाचता घोगरा होत जातो. हॉटेलच्या टेबलावर बसून ओम पुरींनी जे केलं, ते अभिनयाच्या शिक्षणात ठेवावं असं आहे. ज्योत्स्नाजवळ तो आपल्या षंढपणाच्या जाणिवेबद्दल बोलतो, जे हैदरजवळ तो बोलू शकला नसता. कारण हैदरने समजूत घातली असती. ज्योत्स्ना समजूत घालत नाही, ती त्याला नोकरी सोडायला सुचवते आणि कोठडीतल्या हिंसेपासून मागे सरते. तिची बाजू पटकथेने थोडी पातळ ठेवली आहे, स्मिता पाटीलच्या वाट्याला न्याय आलेला नाही. तरीही तिच्या उपस्थितीने एक गोष्ट साधते. वेलणकरला ‘मी’ म्हणून बोलण्याची जागा मिळते.

ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कार्लोवी व्हेरीच्या महोत्सवातही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान झाला. तो अभिनय मी चेहऱ्यापेक्षा त्यांच्या मानेत पाहतो. वर्दीच्या कॉलरमध्ये अडकलेली, सारखी आखडलेली मान. हैदर बोलत असतो तेव्हा ती मान ‘हो’ही म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. कोठडीतल्या मृत्यूतून सुटायला वेलणकर शेट्टीच्याच दाराशी जातो. हैदरने दाखवलेली वाट चालत राहिलं की ती याच दारापाशी येते. देसाईपर्यंतचं अंतर आणि शेट्टीपर्यंतचं अंतर फार वेगळं नसतं. निवडणूक जिंकलेला शेट्टी त्याला हिणवतो, आपला माणूस हो म्हणतो, आणि वेलणकर त्याचा गळा आवळतो. मग तो ठाण्यात येऊन सरळ सांगतो की शेट्टीला मी मारलं. चित्रपटभर पोलीस गुन्ह्याबद्दल बोलत आलेत, समजावत आलेत, सांभाळून घेत आलेत. आपल्या हातून घडलेल्या गोष्टीला एखाद्या पोलिसाने स्वतःचं नाव दिलं ते इथे. प्रेक्षागृहात या वाक्याला लोक उसळतात, आणि मीही एके काळी उसळलो आहे. पण कबुली मिळते ती शेट्टीच्या मरणाची. रेडिओ चोरल्याचा आरोप असलेल्या त्या माणसाला मी मारलं, असं वेलणकर कुठे येऊन सांगत नाही; त्या मरणासाठी तो अखेरपर्यंत फक्त मदत मागत फिरत होता.